रत्नागिरीत गाडी ठेवावी की विकून रिक्षा-टॅक्सीवर भागवावं?

नाचणेकर

मंडळी, घरात वाद चालू आहे, म्हणून धागा काढतोय.

मुलगा ठाण्याला असतो. त्याच्याकडे गाडी नाही, सगळं ओला-उबरवर. त्याचं म्हणणं, "बाबा, गाडी विका, पैसे एफडीत टाका, लागेल तेव्हा भाड्याने करा, स्वस्तात पडेल." ॲपवर बोट ठेवलं की पाच मिनिटांत दारात गाडी, हे ठाण्याला होतं, रत्नागिरीला होत नाही, हे त्याला सांगून दमलो.

आमची पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची. फिरणं वर्षाला पाचएक हजार किमी. त्यातलं हजार-दीड हजार शहरातलं : बाजार, बँक, स्टेशन, हिच्या गुडघ्याची फिजिओथेरपी. साधारण दोन हजार पावस गावाच्या फेऱ्या, आई तिथे असते, दर आठवड्याला जाणं होतं. उरलेलं कोल्हापूर आणि वर्षाकाठी एखादी मुंबई. आम्ही दोघंही पासष्टीच्या पुढे. डीलर पावणेतीन लाख देतोय.

जिव्हाळा वगैरे बाजूला ठेवा. पैशाचा हिशोब सांगा.

मिऱ्याबंदर

विकू नका. संपला धागा.

ठाणे_व्हाया_संगमेश्वर

काका, तुमच्या मुलाची बाजू घेतो. मी पण त्याच गोटातला.

ठाण्यात सोसायटीत पार्किंग नसेल तर भाड्याच्या जागेचे महिन्याला दोन-चार हजार जातात, आणि तरी रात्री कुणीतरी तिथे स्कूटर लावून ठेवतो. ऑफिसला लोकल. शनिवार-रविवार कॅब. गाडी असती तर पाच दिवस धूळ खात उभी राहिली असती. शिवाय मीटरची रिक्षा आहेच. मुंबई महानगरात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१ रुपये झालं, तरी दोन-तीन किमीला चाळीस-पन्नासात काम होतं.

पाऊस पडला की ॲपवाले भाव चढवतात हे खरं. केंद्राच्या २०२० च्या नियमावलीत मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत चढवायची मुभा होती, जुलै २०२५ च्या नव्या नियमावलीत ती मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत नेली. म्हणजे जोराच्या पावसात, जेव्हा खरी गरज, तेव्हाच खिसा कापणार. पण वर्षाचा हिशोब केला तर तरीही गाडीपेक्षा स्वस्त. हे शहरात. रत्नागिरीचं मला सांगता येणार नाही, गणपती-शिमग्याला येतो तेवढंच.

हिशोबनीस

नाचणेकर, आधी तुमच्या गाडीला आज वर्षाला काय पडतं ते मांडू. नवी घेतली तेव्हाची किंमत विसरा, ते पैसे गेले. आजपासून पुढचं बघायचं.

आज पावणेतीन लाख येतायत. आणखी वर्षभर ठेवलीत तर किंमत साधारण तीस हजारांनी उतरेल, हा घसारा. ते पावणेतीन लाख बँकेत असते तर सात टक्क्यांनी एकोणीस हजार व्याज आलं असतं, ते बुडतं. विमा आठ हजार धरा. (थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, हप्ता सरकारने ठरवलेला आहे, १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. बाकीचा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, तो कंपनीगणिक बदलतो.) सात वर्षांच्या गाडीला सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती पंधरा हजार. टायर-बॅटरीचा वार्षिक वाटा पाच हजार. धुणं, पीयूसी, गंजाचं काम वगैरे चार हजार. झाले एक्याऐंशी हजार, गाडी जागची हलायच्या आधी.

आता पेट्रोल. पाच हजार किमीला लिटरमागे पंधराच्या हिशोबाने ३३३ लिटर, १०५ चा भाव धरून पस्तीस हजार.

एकूण एक लाख सोळा हजार. किलोमीटरला तेवीस रुपये. तुमच्या डोक्यात मात्र सात रुपयेच असणार, कारण पंपावर तेवढेच दिसतात.

मिऱ्याबंदर

हे व्याज आणि घसारा म्हणजे सीएची करामत आहे. माझ्या खिशातून कोण नेतं ते व्याज? घसाऱ्याचं बिल कुणी पाठवत नाही.

हिशोबनीस

बिल येतं, फक्त विकायच्या दिवशी एकदम येतं.

तरी तुमच्या पद्धतीने करू. व्याज आणि घसारा काढले तर रोख खर्च ६७ हजार. आता गाडी नसताना काय लागेल ते पाहू, त्यावर ठरेल.

शहरातलं दीड हजार किमी म्हणजे तीन-चार किमीच्या चारशेएक फेऱ्या. स्पेशल रिक्षा सरासरी ऐंशी रुपये धरली तर बत्तीस हजार. पावस : जाऊन-येऊन चाळीस किमी, रिक्षा थांबवून घेतली तर आठशे धरू, पन्नास आठवड्यांचे चाळीस हजार. कोल्हापूरला टॅक्सी करायची तर दिवसाला किमान तीनशे किमीचे पैसे लावतात, तेरा रुपये दराने तेरा गुणिले तीनशे म्हणजे एकोणचाळीसशे, अधिक चालकाचा भत्ता, एकूण त्रेचाळीसशे. तीन वेळा गेलात तर तेरा हजार. मुंबई रेल्वेने, दोन हजार. सगळे मिळून सत्त्याऐंशी हजार.

म्हणजे घसारा-व्याज धरलं तर गाडी विकून वर्षाला एकोणतीस हजार वाचतात. नाही धरलं तर गाडी ठेवून वीस हजार वाचतात. तुमचं आणि मुलाचं भांडण बहुधा एवढ्यावरच आहे, तो धरतोय आणि तुम्ही धरत नाही.

नाचणेकर

अगदी बरोबर ओळखलंत. तो बँकेत आहे.

पण पावसला आठशे देऊन रिक्षा? गाडीला दोनशे ऐंशीचं पेट्रोल लागतं. हे बघूनच पोटात गोळा येतो.

तीनचाकी

आठशेवर बोलतो, कारण रिक्षा माझी आहे. आधी वडील चालवायचे.

लोकांना वाटतं रिक्षावाला लुटतो. पावसला तुम्हाला सोडलं की माझ्यापुढे दोन वाटा. तिथे दोन तास थांबायचं, म्हणजे शहरात त्या दोन तासांत जे चार भाडी मिळाली असती ती गेली. नाहीतर रिकामी रिक्षा घेऊन भाट्याचा पूल ओलांडून परत यायचं आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी जायची. दोन्हीत तुमच्या एका फेरीचे पैसे मला दोन फेऱ्यांचे धरावे लागतात. गॅस, हप्ता, परमिट, पासिंग, विमा हे चुकत नाही.

ॲपवाल्यांचं मोठ्या शहरात जमतं ते म्हणूनच. ठाण्यात एकाला सोडलं की त्याच गल्लीत दुसरा उभा असतो. रिकामी धाव कमी, म्हणून दर कमी परवडतो. गणेशगुळ्याच्या फाट्यावर दुपारी अडीच वाजता दुसरा कोण उभा असणार? म्हैस.

शहरात मात्र वेगळं आहे. साळवी स्टॉप, मारुती मंदिर, एसटी स्टँड या पट्ट्यात शेअर रिक्षा धावतात. तीन सीट भरल्या की निघायचं. नाचण्याहून खाली उतरायला काकांना दर वेळी स्पेशल करायची गरज नाही. आणि काकूंची फिजिओथेरपी ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळेला असेल तर एखाद्या ओळखीच्या रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलून ठेवा. शाळेच्या पोरांचं जसं असतं तसं. त्याला महिन्याची खात्री मिळते, तुम्हाला दर कमी पडतो, आणि तो जिन्यापर्यंत येऊन हात देतो. मी देतो तरी.

हिशोबनीस

तीनचाकी, हे फार नेमकं लिहिलंत. सगळ्या गाडी-विरुद्ध-कॅब हिशोबांत ही रिकामी धाव कुणी धरतच नाही.

त्यावरून पुढचं. भाड्याची गाडी किमीला सरसकट वीस रुपये पडली असं धरलं तर नाचणेकरांच्या गाडीची बरोबरी वर्षाला सव्वासहा हजार किमीला होते (८१ हजार भागिले वीस वजा सात). त्याहून कमी फिरणाऱ्याने विकावी. पण फिरणं शहराबाहेरच्या एकेरी फेऱ्यांचं असेल तर रिकामी धाव धरून दर तीस-पस्तीसवर जातो, मग तीन-साडेतीन हजार किमीलाही गाडी परवडते. किती फिरता यापेक्षा कुठे फिरता हे जास्त महत्त्वाचं. ठाण्याचा आकडा उचलून इथे लावता येत नाही तो यासाठी.

तळ्याकाठचो

सावंतवाडीसून लिवतंय. तुमचो हिशोब सगळो बरोबर. पण राती दोन वाजता छातीत दुखाक लागला तर कोणाक फोन करतलास? आमच्या वाडीत दोन रिक्षा. एक जण रातचो फोन उचलीत नाय, दुसरो उचलण्याच्या अवस्थेत नसता. गाडी दारात आसली तर शेजारचो झील तरी चालवन नेतलो.

मिऱ्याबंदर

+१. हेच मी पहिल्या ओळीत म्हटलं.

किनाऱ्यावरची_परिचारिका

छातीत दुखत असेल तर गाडीची चावी शोधू नका, १०८ ला फोन करा. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत, आणि आत प्राणवायू नि डॉक्टर असतो. पासष्टीच्या नवऱ्याने घाबरलेल्या अवस्थेत, रात्री, पावसात, बायकोला शेजारी बसवून गाडी चालवणं हा उपाय नव्हे.

गाडी खरी लागते ती छातीत दुखण्याला नाही. ताप उतरत नाही, पाय मुरगळलाय, रात्री साडेनऊला औषध आणायचंय, तेव्हा. असल्या प्रसंगांसाठी वर्षाला लाख रुपये मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या आळीत तीन घरांनी मिळून एका टॅक्सीवाल्याचा नंबर ठरवून घेतलाय, रात्रीचे दीडपट द्यायचे बोलून. चालतंय ते.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. विम्याचं वर आलंय म्हणून सांगतो.

२२ जुलै २०२१ ला आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर बऱ्याच जणांनी घाईने चावी फिरवली, इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकले. साध्या पूर्ण विम्यात बुडालेल्या गाडीची भरपाई मिळते, पण पाणी असताना चालू केल्याने झालेलं इंजिनाचं नुकसान त्यात येत नाही, त्याला इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. कोकणात गाडी ठेवणार असाल तर ते हजार-दोन हजार वाचवू नका. आणि पाण्यात गेलेली गाडी ढकलत न्या, सुरू करू नका.

दुसरं, जुन्या गाडीची विम्यातली किंमत उतरत जाते. पाच वर्षांपर्यंत ठरलेला तक्ता आहे : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाला १५, मग २०, ३०, ४०, पाचव्या वर्षाला ५०. त्यापुढे कंपनी आणि तुम्ही बोलून ठरवायची. आमच्या शेजाऱ्यांनी हप्ता वाचवायला ती किंमत फारच खाली लिहून घेतली होती, बुडाल्यावर हातात काय आलं ते विचारू नका.

मांडवीचा_वारा

गंजाचे चार हजार फार कमी धरलेत हो.

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारा वारा चारचाकीचं काय करतो ते देशावरच्यांना कळणार नाही. सायलेन्सर आधी जातो. मग दाराच्या खालची कड, मग बॅटरीचे टर्मिनल, मग एसीची कॉइल गळायला लागते. जूनमध्ये दोन आठवडे गाडी उभी राहिली की ब्रेकची डिस्क पिवळी पडते, सीटवर बुरशी धरते, आणि बॉनेटखाली उंदीर संसार थाटतो. वायर कुरतडल्याचं बिल सायलेन्सरपेक्षा जास्त येतं. खालून गंजरोधक कोटिंग दर दोन वर्षांनी मारून घ्या, मे महिन्यातच, पाऊस सुरू झाल्यावर मारलेलं कोटिंग म्हणजे ओल आत कोंडणं.

अवांतर : माडाखाली गाडी लावायची नाही हे आम्ही पाहुण्यांना सांगतो, ते हसतात. नारळाने पडलेला बॉनेटचा खड्डा विम्यात बसतो, पण दावा केला की वर्षानुवर्षं साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० पर्यंत जाणारा तो बोनस एका नारळापायी घालवायचा का? आम्ही डेंटिंगवाल्याला रोख देऊन मोकळे झालो.

नाचणेकर

आमच्याकडे माड नाही, फणस आहे.

मांडवीचा_वारा

मग तर बोलूच नका.

फोंडाघाट

शेजाऱ्याच्या गाडीने जाऊन पेट्रोलचे पैसे द्यायचे, हा मार्ग इथे सर्रास चालतो. ओळखीपाळखीत वाटून घेतलं तर ठीक. पण पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्याने लावत असेल तर बसू नका. खाजगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायची भाड्याची गाडी, गोव्यात ढिगाने दिसते. दर दोन रुपयांनी जास्त लागला तरी पिवळी पाटी बघा.

पणजीतून

गोव्याचा विषय निघाला म्हणून. इथे पर्यटक एवढे, तरी ओला-उबर नाही. सरकारमान्य गोवा माइल्स हे ॲप २०१८ मध्ये आलं, टॅक्सीवाल्यांशी त्याचे खटके अजून उडतात. तेव्हा रत्नागिरीत ॲप नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, गर्दी असून आमच्याकडेही घरटी गाडी लागतेच.

राजापूरची_लेक

सगळे गाडी आणि रिक्षावर भांडताय, एसटीचं नाव कुणी का काढत नाही?

काका-काकू दोघंही पासष्टीच्या पुढे, म्हणजे दोघांनाही अर्धं तिकीट. पंचाहत्तरीनंतर ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे. बायकांना तर मार्च २०२३ पासून वयाची अटच नाही, सरसकट अर्धं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं हे धरूनसुद्धा पावसची फेरी दोघांना रिक्षाच्या पाव भागातही पडणार नाही. रत्नागिरी-पावस गाड्या दिवसभर असतात. आठवड्याचे आठशे ज्याने धरले त्याने त्या जागी एसटी आणि स्टँडपर्यंतची शेअर रिक्षा धरावी, मग बघा काय होतं.

रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच.

हिशोबनीस

धरलं. पावसच्या निम्म्या फेऱ्या एसटीने केल्या आणि त्या फेरीला सगळं मिळून दोनशे धरले, तर चाळीस हजाराचे पंचवीस होतात. एकूण ८७ चे ७२. आता मिऱ्याबंदरांच्या रोखीच्या हिशोबानेही गाडी आणि बिनगाडी यांत पाच हजारांचाच फरक राहिला. घसारा-व्याज धरलं तर विकून चव्वेचाळीस हजार सुटतात.

ताई, मुद्दा बिनतोड आहे. फक्त काकूंचा गुडघा एसटीच्या पायऱ्या चढेल का?

नाचणेकर

नाही चढत. पण ती म्हणते चढेन. तिला एसटी आवडते, खिडकी मिळाली की खूश. शिवाय पावसला उतरून स्वामींच्या मठात डोकावता येतं, गाडीने गेलो की मी घाई करतो अशी तिची तक्रार आहे.

आणखी एक, जे मी वर लिहिलं नव्हतं. लायसन्सचं नूतनीकरण पुढच्या वर्षी. पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षांचंच मिळतं, आणि डॉक्टरचा दाखला लागतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश आला की काही सुचत नाही. हातखंब्याच्या पुढे रात्री चालवणं मी तसंही सोडलंय.

किनाऱ्यावरची_परिचारिका

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं काका! मग रात्रीच्या सोयीसाठी गाडी हा मुद्दाच उरत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी करून घ्या, गाडीचं नंतर.

ठाणे_व्हाया_संगमेश्वर

मधला मार्ग : गाडी ठेवा, ड्रायव्हर रोजावर घ्या. कोल्हापूर-मुंबईला तेच करतात आमचे काका.

तीनचाकी

रोजावरचा चांगला ड्रायव्हर मे महिना, गणपती आणि शिमग्यात मिळत नाही. तो तेव्हा चाकरमान्यांच्या गाड्या चालवत असतो. बाकीच्या वेळी मिळेल. पण मग गाडीचे एक्याऐंशी हजार तसेच, वर त्याचा रोज. दोन्हीकडून खर्च.

गणपतीत टॅक्सीचंही तेच. श्रावण लागायच्या आत बोलून ठेवली तरच मिळते, आणि दर आमचा.

मिऱ्याबंदर

गणपतीचं म्हणाल तर तेव्हा तरी दारात गाडी पाहिजे. मुलगा-सून-नातवंडं येणार, विसर्जनाला, देवदर्शनाला, गुहागरला जयगडच्या फेरीबोटीने पलीकडे जायला काय चार रिक्षा करणार?

ठाणे_व्हाया_संगमेश्वर

तेव्हा आम्ही गाडी इकडून घेऊन येतो ना! म्हणजे भाड्याची, पण येतो. हायवेची अवस्था बघता २०११ पासून चौपदरीकरण चालूच आहे, तरी कशेडीच्या बोगद्याने घाट टळला हे कबूल करायला हवं. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने गाड्या रेल्वेवर चढवून न्यायची सोय केली होती, कोलाड ते वेर्णा, एका गाडीचे ७,८७५ रुपये. रत्नागिरीवाल्याला त्याचा काय उपयोग, गाडी आपल्या गावावरून डोलत पुढे निघून जाणार.

मिऱ्याबंदर

अजून एक. ही विकून नवी छोटी घेतली तर? सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. स्वस्त झाल्यात.

हिशोबनीस

स्वस्त झाल्या म्हणून वर्षाचा खर्च कमी होत नाही. आठ लाखांची नवी आठ वर्षं वापरून अडीचला विकली तर घसाराच वर्षाला जवळजवळ सत्तर हजार. व्याज, विमा, बाकीचं धरून उभ्या गाडीला एक लाख सदतीस हजार. सहा हजार किमी चालवली तरी पेट्रोलसकट किमीला जवळजवळ तीस रुपये. भाड्याच्या वीस रुपयांशी बरोबरी व्हायला वर्षाला साडेदहा हजार किमी फिरावं लागेल. बांधकामवाला, औषधांचा एजंट, आंब्याच्या हंगामात बागा फिरणारा, यांनी जरूर घ्यावी. नाचणे ते पावस करणाऱ्याने नाही. शिवाय नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो, पावणेतीन लाखांचा देकार किती दिवस टिकेल हेही बघा.

तळ्याकाठचो

नवी कित्याक? नव्या गाडीर पयलो ओरखडो पडलो की माणूस आठ दिस जेवणा नाय.

नाचणेकर

सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो.

गाडी विकतोय. नवी घेत नाही. हिची फिजिओथेरपी महिन्याच्या रिक्षावर, आमच्याच बाजूचा एक मुलगा तयार झालाय. पावस आलटून पालटून, पाऊस असेल तेव्हा रिक्षा आणि उघडीप असेल तेव्हा एसटी. कोल्हापूरला टॅक्सी. आलेले पैसे एफडीत, आणि त्याचं व्याज रिक्षाच्या खात्याला लावायचं असं हिने ठरवलंय, म्हणजे आठशे देताना मी कुरकुर करणार नाही. गणपतीत मुलगा भाड्याची गाडी घेऊन येईल, त्याने तसं कबूल केलंय. आता बोलला आहे तर येऊ दे.

मिऱ्याबंदर नाराज होतील. त्यांची माफी.

मिऱ्याबंदर

नाराज नाही. डीलरला देऊ नका, माझा भाचा बघायला येईल. तीन लाख.

फोंडाघाट

विकताना मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नुसते देऊ नका, आरसी समोरच्याच्या नावावर झाल्याचं बघा, भाचा असला तरी. नावावर होईपर्यंत अपघाताची नोटीस तुमच्याच घरी येते. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांत पुन्हा गाडी घ्यावीशी वाटली तर तो लागू होतो. गाडी २०१९ च्या एप्रिलच्या आधी नोंदलेली असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवलेली आहे ना तेही तपासा, नाहीतर आरटीओत काम अडतं.

आणि काचेवरचा फास्टॅग बंद करायला विसरू नका. माझ्या मेव्हण्याने गाडी विकली आणि पुढचे चार महिने नव्या मालकाचा टोल हा भरत होता.